यंत्राचा आवाज आणि कानाचा आवाज

रात्री उशिरा खुलताबाद निवांत होते. वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरची वर्दळ ओसरते, दर्ग्यांच्या आणि भद्रा मारुतीच्या आसपासची दुकाने मिटतात, आणि दिवसभर कुणाच्या ध्यानीमनी नसलेला एक आवाज कानावर येऊ लागतो. तो असतो खांबांवर बसवलेल्या डीपीचा, म्हणजे विजेच्या रोहित्राचा. याच टापूत विहिरींवरच्या मोटारी आहेत, पिठाच्या गिरण्या आहेत, उन्हाळ्यात घरोघरी फिरणारे कूलर आहेत, वीज गेली की सुरू होणारे जनरेटर आहेत. यांपैकी कोणत्याही यंत्राचा आवाज किती, असे विचारले की उत्तर डेसिबलच्या एका आकड्यात मिळते आणि तो आकडा ऐकून विचारणाऱ्याचे समाधानही होते. पण या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. यंत्र स्वतः किती आवाज बाहेर टाकते, हा पहिला. त्यातला किती आवाज ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचतो, हा दुसरा. हे दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. त्यांची गल्लत झाली की चांगल्या मीटरवर घेतलेला अचूक आकडाही माणसाची फसगत करतो. विजेच्या यंत्रांच्या आवाजाबद्दलचे बहुतेक वाद या गल्लतीतून उभे राहतात, असे माझे म्हणणे आहे, आणि ते या प्रकरणात पुराव्यानिशी मांडायचे आहे.

शेगडीचे उदाहरण घेऊ. शेगडी किती वॅटची आहे हा शेगडीचा गुण झाला. खोलीत ऊब किती येईल, हे मात्र खोलीच्या आकारावर, उघड्या खिडकीवर आणि आपण कुठे बसलो आहोत यावर ठरते. आवाजाचेही तसेच आहे. यंत्र दर सेकंदाला जेवढी ध्वनिऊर्जा बाहेर टाकते ती त्याची ध्वनिशक्ती. ती वॅटमध्ये मोजतात. कानाच्या पडद्यावर हवेचा जो बारीक दाब पडतो तो ध्वनिदाब. तो पास्कलमध्ये मोजतात. दोन्ही आकड्यांचा पसारा प्रचंड असल्याने ते डेसिबलच्या पट्टीवर बसवले जातात आणि घोळ इथेच सुरू होतो, कारण एकक एकच दिसते. ध्वनिदाबाची पट्टी 20 मायक्रोपास्कलपासून सुरू होते, ध्वनिशक्तीची एका वॅटच्या लाखकोटीव्या भागापासून. या पट्टीवर 3 डेसिबल वाढ म्हणजे ऊर्जा दुप्पट, 10 म्हणजे दहापट आणि 30 म्हणजे हजारपट. म्हणूनच 75 आणि 78 हे शेजारचे वाटणारे आकडे प्रत्यक्षात एक जनरेटर आणि तसेच दोन जनरेटर इतके दूरचे असतात.

आता जनरेटरचाच हिशेब करून पाहू. आपल्या देशात 1 जानेवारी 2005 पासून बनलेल्या, 1000 केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला एक अट आहे : त्याच्या आवाजरोधक पेटीपासून 1 मीटरवर ध्वनिदाब 75 डेसिबलपेक्षा जास्त नको. या अटीची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय आहे. समजा, अट पाळणारा एक जनरेटर मंगल कार्यालयाच्या मागे ठेवला आहे. शेजारी हिशेब करतो : अंतर दहापट झाले की 20 डेसिबल कमी होतात, म्हणजे 10 मीटरवर 55 उरतील. निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबलच आहे, तेव्हा प्रश्न मिटला. हा हिशेब चुकीचा आहे. तो जनरेटरला एक ठिपका मानतो आणि जनरेटर ठिपका नाही. त्याची पेटी 4 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 2 मीटर उंच आहे असे धरू. पेटीभोवती 1 मीटर अंतर सोडून एक काल्पनिक खोके कल्पिले, तर चार बाजू आणि छत मिळून त्याचे क्षेत्रफळ 78 चौरस मीटर भरते. 75 डेसिबल म्हणजे दर चौरस मीटरमधून सुमारे 32 मायक्रोवॅट ध्वनिऊर्जा बाहेर पडते. 78 चौरस मीटरमधून सुमारे अडीच मिलिवॅट. हीच त्या जनरेटरची ध्वनिशक्ती, डेसिबलमध्ये सुमारे 94. उपकरणावरचा छोटा लाल दिवासुद्धा याहून जास्त वीज खातो, पण कान इतका तिखट आहे की त्याला एवढे पुरेसे होते. ही ऊर्जा 10 मीटर त्रिज्येच्या अर्धगोलावर पसरली की क्षेत्रफळ 628 चौरस मीटर होते, म्हणजे आधीच्या आठपट. आठपट पसरली म्हणून 9 डेसिबल कमी झाले. उरले 66.

55 आणि 66 यांत ऊर्जेचा फरक बारापटींहून जास्त आहे. रात्रीची निवासी मर्यादा 45 डेसिबल. शेजाऱ्याच्या हिशेबाने ती 32 मीटरवर गाठली जाते; खऱ्या हिशेबाने मोकळ्या जागेत त्यासाठी सुमारे 110 मीटर जावे लागते. एका हिशेबात दोन-चार घरे ओलांडली की आवाज आटोक्यात येतो, दुसऱ्यात अख्खी आळी त्याच्या पट्ट्यात सापडते. आणखी एक गोष्ट यातून उघड होते. लहान जनरेटरभोवतीचे काल्पनिक खोके 43 चौरस मीटरचे असेल आणि 12 मीटर लांबीच्या मोठ्या जनरेटरभोवतीचे 240 चौरस मीटरचे, तर दोघांवर '1 मीटरवर 75' हाच शिक्का असूनही मोठा जनरेटर साडेपाच पट आवाज बाहेर टाकतो. दोघेही नियमात बसतात, शिक्का खोटा नसतो. पण तो यंत्राची ध्वनिशक्ती सांगत नाही. युरोपीय संघाने 2000 साली उघड्यावर वापरायच्या यंत्रांसाठी जो नियम केला, त्यात 400 किलोवॅटपेक्षा लहान जनरेटरवर हमी दिलेली ध्वनिशक्ती छापण्याची सक्ती आहे. तो एक आकडा हाती असला, की जनरेटर कुठेही ठेवा, वर केला तसला हिशेब शाळेतल्या गणितावर करता येतो.

जागेने काय फरक पडतो हे पाहायला खुलताबाद तालुक्यासारखा तालुका नाही. म्हैसमाळचे उघडे पठार आणि वेरूळचे दहा क्रमांकाचे लेणे, दोन्ही याच तालुक्यात. पठारावर यंत्र ठेवले तर खालची जमीन तेवढा आवाज परत फेकते, बाकी सगळा आभाळात निघून जातो. दहा क्रमांकाचे लेणे, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, ते चैत्यगृह म्हणजे अखंड दगडात कोरलेली, कमानदार छताची, सुमारे 26 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद पोकळी. तिथे उच्चारलेला शब्द घुमत राहतो, कारण दगड आवाज जवळजवळ शोषतच नाही. एका आदळण्यात शंभरातले तीन भाग शोषले जातात असे धरले, तर आपल्या त्या 94 डेसिबल ध्वनिशक्तीच्या यंत्राचा आवाज त्या पोकळीत जवळपास सगळीकडे 80 च्या वर भरेल आणि दूर सरकून फारसा कमी होणार नाही. म्हैसमाळला 10 मीटरवर तोच 66. अशा वारशाच्या जागी यंत्र न्यायचे नसते. हा फक्त मनातल्या मनात करायचा प्रयोग आहे. पण पिठाची गिरणी ज्या चार भिंतींच्या, फरशीच्या, सिमेंटच्या छताच्या गाळ्यात असते, तो गाळा स्वभावाने लेण्याच्या जातीचा आहे. गिरणीतली मोटार फार आवाज करते ही तक्रार बऱ्याचदा मोटारीपेक्षा गाळ्याबद्दल असते.

ध्वनिशक्ती मोजण्याच्या सगळ्या मान्य पद्धती जागेचा हा हस्तक्षेप दूर करण्यासाठीच निघाल्या आहेत. पहिली पद्धत म्हैसमाळची : मोकळ्या जागेत, कठीण जमिनीवर यंत्र ठेवायचे, त्याभोवती काल्पनिक खोके किंवा अर्धगोल आखायचा, ठरलेल्या जागांवर मायक्रोफोन धरून वाचन घ्यायचे, त्यांची ऊर्जेनुसार सरासरी काढायची आणि क्षेत्रफळाने गुणायचे. दुसरी पद्धत लेण्याची : मुद्दाम घुमणाऱ्या खोलीत यंत्र चालवायचे आणि खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो यावरून शक्ती काढायची. या पद्धतीचा पाया वॉलेस सबाइन यांनी 1895 पासून हार्वर्डमध्ये केलेल्या प्रयोगांनी घातला. त्यांची साधने होती ऑर्गनची नळी, थांबघड्याळ आणि स्वतःचे कान. तिसरी पद्धत ध्वनितीव्रतेची. समोरासमोर जवळजवळ ठेवलेले दोन मायक्रोफोन आवाज किती आहे याबरोबर तो कोणत्या दिशेने वाहतो आहे हेही सांगतात. हॅरी ऑल्सन यांना ध्वनितीव्रता मोजणाऱ्या उपकरणाचे पेटंट 1932 सालीच मिळाले होते, पण दोन मायक्रोफोनमधला सूक्ष्म फरक भरवशाने हाताळणारी डिजिटल गणिते आल्यावर, 1970 च्या दशकाच्या अखेरीस, ही पद्धत खऱ्या अर्थाने वापरात आली. शेजारी दुसरी यंत्रे धडधडत असतानाही या पद्धतीने एकाच यंत्राचा आवाज वेगळा काढता येतो, कारण बाहेरून काल्पनिक खोक्यात शिरणारा आवाज दुसऱ्या बाजूने निघून जातो आणि हिशेबात शून्य होतो.

गावात अशा खोल्या नसतात आणि असले मायक्रोफोनही नसतात. पण बाहेरचा आवाज वजा करण्याचा एक साधा मार्ग कुणालाही मोकळा आहे : यंत्र चालू ठेवून एकदा मोजा, बंद करून एकदा मोजा. चालू-बंदमधला फरक 10 डेसिबल किंवा जास्त असेल, तर बाहेरच्या आवाजाची भेसळ नगण्य. फरक फक्त 3 असेल, तर यंत्राचा आवाज आणि परिसराचा आवाज सारखेच आहेत. मीटरवर 63 दिसले तरी यंत्राच्या वाट्याला 60 येतात. फरक त्याहून कमी असेल तर त्या मोजणीवर बोट ठेवून काही सांगू नये. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला पायी येणाऱ्या भाविकांची रीघ लागलेली असताना तिथल्या जनरेटरचा आवाज मोजायला जाणे म्हणूनच फुकट आहे. मीटर गर्दी मोजेल आणि दोष किंवा निर्दोषत्व जनरेटरच्या नावावर लिहिले जाईल.

चालू-बंदची हीच युक्ती यंत्राच्या पोटातही डोकावू देते. विजेच्या मोटारीचा आवाज तिहेरी असतो : चुंबकी ओढाताणीने पत्रे कंप पावतात तो, थंडाव्यासाठी लावलेल्या पंख्याचा, आणि बेअरिंगचा. तिन्ही एकत्र ऐकू येतात. पण खटका बंद केला त्या क्षणी चुंबकी आवाज थांबतो. पंखा आणि बेअरिंग मात्र मोटार मंदावत जाईल तसे हळूहळू विरतात. खटका पडताच आवाज एकदम गळाला तर दोष चुंबकी आहे, रेंगाळत उतरला तर पंख्याचा, आणि उतरताना खरखर राहिली तर बेअरिंगचा संशय घ्यावा. अनुभवी मोटार वायंडर हे कानानेच ओळखतो. मीटर त्याच्या कानाला आकड्याची जोड देतो एवढेच.

डीपीत फिरणारे काहीच नसते, तरी ती गुणगुणते. लोखंडाला चुंबकत्व दिले की त्याची लांबी किंचित बदलते, हे जेम्स ज्यूल यांनी 1842 साली दाखवले. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात गाभ्यातले चुंबकत्व एकदा या दिशेने आणि एकदा त्या दिशेने शिगेला पोहोचते, आणि लांबीतला बदल दिशा पाहत नाही. म्हणून गाभा सेकंदाला 100 वेळा ताणला आणि सोडला जातो. शंभर हर्ट्‌झचा तो खर्ज आणि त्याच्या 200, 300, 400 अशा पटी, हा प्रत्येक रोहित्राचा ठसा. घरांतले दिवे मालवले, भार उतरला, तरी गुणगुण जात नाही. उलट भार उतरला की लाईनवरचा विद्युतदाब बऱ्याचदा चढतो, गाभ्यातले चुंबकत्व वाढते आणि गुणगुण थोडी मोठी होते. रात्री डीपी जास्त आवाज करते ही तक्रार निव्वळ भास म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. तिच्यात परिसराच्या शांततेचा वाटा मोठा असतो आणि भौतिकशास्त्राचाही असतो.

इथे एका आकड्याची दुसरी अडचण पुढे येते. कान सगळ्या वारंवारता सारख्या ऐकत नाही, म्हणून मीटर प्रत्येक वारंवारतेला वेगळे वजन देतो. त्याला ए-वेटिंग म्हणतात. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी 1933 साली काढलेल्या कानाच्या आलेखांवर ते आधारलेले आहे. त्यात 1000 हर्ट्‌झला काही वजा होत नाही, 100 हर्ट्‌झला मात्र 19 डेसिबल वजा होतात. यावर कुणी म्हणेल, कानालाच खर्ज कमी ऐकू येतो, मग मीटरने तो कमी मोजला तर बिघडले कुठे? आक्षेप रास्त आहे. मंद आवाजांपुरते ए-वेटिंग कानाशी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. गोंधळ पुढच्या पायरीवर होतो, सगळ्या वारंवारता एका बेरजेत ढकलल्या जातात तेव्हा. पावसाळ्यातली रात्र घ्या. रातकिड्यांची किरकिर काही हजार हर्ट्‌झची, जिथे ए-वेटिंग काहीच कापत नाही. मीटर दाखवतो तो आकडा जवळजवळ संपूर्ण रातकिड्यांचा असतो. डीपी बंद केली तरी तो हलणार नाही. म्हणून डीपीचा त्रास नाही असा निष्कर्ष निघत नाही, कारण किरकिरीने 100 हर्ट्‌झचा खर्ज झाकला जात नाही. कान दोन्ही वेगवेगळे ऐकतो. वारंवारतांची फोड करून दाखवणाऱ्या मीटरवर मात्र 100, 200, 300 चे सुळके स्वच्छ उभे राहतात. डीपी मोजणीसाठी बंद करता येत नाही; तिथे हे सुळकेच चालू-बंदचे काम करतात.

घराच्या आत गेले की खर्जाची बाजू आणखी वरचढ होते. भिंती आणि छते उंच स्वर चांगले अडवतात, खालचे स्वर कमी. पातळ पत्र्याच्या छताने तर 100 हर्ट्‌झला फारसा अडसरच होत नाही. किरकिर, बोलणी, रस्त्याचा सळसळाट बाहेर राहतो आणि खर्ज आत येतो. शिवाय 100 हर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर आहे, म्हणजे साध्या खोलीएवढी. भिंतींवर आदळून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि खोलीत आवाजाचे उंचवटे आणि खळगे तयार होतात. भिंतीलगत उंचवटा असतो आणि तिथून पाऊण-एक मीटरवर खळगा असू शकतो. तपासणीला आलेल्या माणसाने खळग्यात मीटर धरला तर त्याचा आकडा खरा. भिंतीला उशी लावून झोपणाऱ्या आजीची तक्रारही खरी. खोलीत किमान चार ठिकाणी आणि त्यांपैकी एकदा उशीजवळ मोजल्याशिवाय या दोघांची गाठ पडत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. कायद्याला एकच स्पष्ट आकडा लागतो. वारंवारता, जागा, परिसर असे फाटे फोडले तर प्रत्येक तक्रार वादात अडकेल आणि गरीब माणसाला दादच मिळणार नाही. स्पष्टतेचे मोल मोठे आहे आणि ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी ती आणली, हे मान्यच केले पाहिजे. निवासी भागाला दिवसा 55, रात्री 45; रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40; आणि मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त झाल्यास नागरिकाला तक्रारीचा हक्क. पण हे आकडे मुंबईच्या चाळीला आणि खुलताबादच्या वाडीला सारखेच लागू आहेत. एखाद्या वाडीत रात्रीची पातळी 30 असेल आणि यंत्र सुरू झाल्यावर ती 42 झाली, तर आवाजाची ऊर्जा सोळापट झाली, झोप मोडली, आणि तरीही सगळे मर्यादेत. ब्रिटनमध्ये 1967 पासून असलेल्या एका मानकात यंत्राचा आवाज परिसराच्या मूळ पातळीशी ताडून पाहतात. सुमारे 10 डेसिबलची वाढ तिथे गंभीर मानली जाते. आंतरराष्ट्रीय मानकांतही एकसुरी, गुणगुणणाऱ्या आवाजाला 6 डेसिबलपर्यंत जादा भार लावण्याची सोय आहे. हेही आकडेच आहेत, तेही न्यायालयात टिकतात. स्पष्टता राखायची म्हणून आकडा एकच असला पाहिजे, असे नाही. तो कशाचा आहे हे आधी ठरलेले असले की पुरे.

राहिला खर्चाचा मुद्दा. अशी मोजणी तालुक्याच्या गावाला परवडणार नाही असे म्हटले जाते. वर सांगितलेल्यातले बहुतेक काम दुसऱ्या श्रेणीच्या साध्या मीटरवर, मोजपट्टीवर आणि वहीवर होते. मोजणीआधी मीटरला कॅलिब्रेटर लावायचा. तो 1000 हर्ट्‌झचा 94 डेसिबल, म्हणजे बरोबर 1 पास्कल, आवाज देतो आणि मीटर खरे बोलतो की नाही ते तिथल्या तिथे कळते. वारा असेल तर मायक्रोफोनवर स्पंजाचा गोळा बसवायचा, कारण म्हैसमाळच्या वाऱ्याची फडफडही मीटर इमानाने डेसिबलमध्ये दाखवतो. मोबाइल फोनचे ॲप चालू-बंदमधला फरक पाहायला उपयोगी पडते, पण त्याचा मायक्रोफोन बोलण्यासाठी घडवलेला असतो. खर्जाच्या बाबतीत त्याची साक्ष मानू नये.

विजेशिवाय गावाचे चालत नाही. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विहिरीवरची मोटार हवीच, आणि डीपी कुणाच्या ना कुणाच्या घराजवळ राहणारच. म्हणूनच तक्रार नेमकी असली पाहिजे. 'डीपीचा फार आवाज येतो' या अर्जावर कुणीच काही करू शकत नाही. 'रात्री एक वाजता, खिडकी बंद असताना, पश्चिमेच्या भिंतीलगत उशीच्या उंचीवर 100 आणि 200 हर्ट्‌झचे सुळके शेजारच्या वारंवारतांपेक्षा इतके वर आहेत' असा अर्ज आला, तर अभियंत्याला गाभ्याच्या सैल पत्र्यांकडे, खांबाच्या ढिल्या बोल्टांकडे किंवा चढलेल्या विद्युतदाबाकडे पाहायला जागा मिळते. जनरेटर विकत घेणाऱ्या मंगल कार्यालयाने 75 च्या शिक्क्याबरोबर ध्वनिशक्तीचा आकडा मागितला, तर तो कुठे ठेवायचा हे जनरेटर येण्याआधी ठरवता येते. दोन्ही ठिकाणी काम एकच आहे : यंत्र किती आवाज टाकते आणि कानाला किती पोहोचतो, हे दोन रकान्यांत वेगळे लिहायचे, आणि प्रत्येक आकड्यापुढे अंतर, जागा, वेळ आणि यंत्र बंद असतानाची पातळी भरायची.